गोळी कमी केली ते वर्ष

आमच्या मुलीला पहिली फिट आली तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि दुधात बिस्किट बुडवत होती. बिस्किट जास्त भिजून तुटलं की ती माझ्यावर चिडायची, जणू ते मीच तोडलं. मग चमच्याने ते वर काढून द्यायचं काम माझ्याकडे असायचं. त्या सकाळी बिस्किट तुटलं आणि ती काहीच बोलली नाही, म्हणून मी पेपरातून डोकं वर काढलं. तिची मान उजवीकडे वळत चालली होती, कुणी हळूहळू वळवत असावं तशी. डोळेही त्याच बाजूला गेले. मग तिचा हात उडायला लागला आणि कप खाली पडला.

माझी आई आतून आली. तिनं पाहिलं मात्र, ती कांद्याच्या टोपलीकडे धावली. "आकडी हाय ही," ती म्हणाली. "कांदा हुंगवा तिला. दातात चमचा घाला, नायतर जीभ चावंल."

"तोंडात काही घालायचं नाही," बायको म्हणाली. ती तेव्हा एका शाळेत लहान वर्गाला शिकवायची आणि तिथे कधीतरी कुणी येऊन हे सांगून गेलं होतं. तिनं मुलीला फरशीवर कुशीवर निजवलं, डोक्याखाली स्वतःची ओढणी घडी करून ठेवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. आईनं फोडलेला कांदा नाकाशी धरला होता. बायकोनं तो बाजूला केला नाही. मी सांडलेल्या दुधात उभा होतो.

ते आपोआप थांबलं. दवाखान्यात नेताना गाडीतच तिला जाग आली आणि तिनं विचारलं, "माझं बिस्किट कुणी खाल्लं?" आम्ही दोघं इतके हसलो की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

आम्ही म्हसरूळला राहतो. माझं दिंडोरीला शेतीच्या औषधांचं दुकान आहे. आमच्या भागात द्राक्षाच्या बागेवर जे फवारतात त्याला औषधच म्हणतात. आभाळ भरून आलं की दुकानात गर्दी होते. डावणीचा रोग येईल का, आजच फवारू का, दोन दिवस थांबू का? फवारावं तर औषधाचा अंश राहून माल निर्यातीला अडकायची भीती आणि थांबावं तर घडच हातातून जायची. मी सल्ला देतो. बाग शेतकऱ्याची असते, माझी नुसती जीभ असते. बायकोचं माहेर मखमलाबादचं, फुलशेतीचं. पहिल्या फिटनंतर तिकडच्या कुणीतरी बोलून टाकलं, की बाप रोज अंगाला विषाचा वास घेऊन घरी येतो, लेकराच्या डोक्यात जाणार नाही तर काय. डॉक्टरांनी सांगितलं, याचा त्याच्याशी काही संबंध दिसत नाही. बायकोनंही तो विषय कधी काढला नाही. पण तेव्हापासून मी दुकानातून आलो की आधी अंघोळ करतो आणि मगच मुलीला जवळ घेतो.

डॉक्टर म्हणजे लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर, मुंबई नाक्याच्या बाजूला बसायच्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. दुसरी फिट आल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो. एमआरआय चांगला आला. ईईजीमध्ये दोष दिसला. त्यांनी समजावून सांगितलं, की हा आजार पुष्कळ मुलांना असतो, औषधानं बहुतेकांचा आटोक्यात राहतो, आणि निदान दोन वर्षं एकही वेळ न चुकवता औषध द्यावं लागेल.

बायकोनं औषधाच्या खोक्यातला कागद घरी येऊन उलगडला. मुंगीएवढ्या अक्षरात दोन्ही बाजूंनी छापलेला तो कागद तिनं जेवणाच्या टेबलावर पसरला आणि मोबाइलवर एकेका शब्दाचा अर्थ बघत वाचत बसली. यकृतावर परिणाम. झोप. केस गळणं. वजन. हातांना कंप. वागण्यात बदल.

"असं सगळ्याच डब्यांवर लिहितात," मी म्हणालो. "माझ्या दुकानातल्या बाटल्यांवर बघ. वाचलं तर कुणी हात लावणार नाही."

"तुमच्या बाटल्या आपण मुलीला पाजत नाही," ती म्हणाली.

तरी औषध सुरू केलंच. न देऊन काय होतं ते आम्ही दोनदा पाहिलं होतं, आणि देऊन काय होतं ते अजून पाहिलं नव्हतं.

औषध लागू पडलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्यामुळे ते विसरल्यासारखं होतं. पहिल्या बाटलीपासून फिट थांबल्या. आधी गुलाबी सिरप होतं, मग गोळी आली. मुलगी शाळेत जाऊ लागली, सायकल शिकली, दिवाळीला तिनं फुलबाज्या लावल्या, सगळं केलं. फक्त ती गप्प झाली.

आधी ती कशी बोलायची ते सांगायला हवं. ती दुकानात आली की काउंटरवर बसून येणाऱ्या शेतकऱ्याला विचारायची, "तुमच्या बागेला काय झालंय?" आणि तो सांगायला लागला की डॉक्टरसारखी मान हलवायची. माझ्या आईशी तिची कायम भांडणं चालायची, कारण आई 'नाय' म्हणायची आणि ही तिला 'नाही' म्हणायला लावायची. जेवताना बोलायची, अंघोळ करताना बोलायची, झोपेतही बोलायची. आम्ही तिला म्हणायचो, जरा श्वास घे.

औषध सुरू झाल्यावर ते एकदम गेलं नाही. शेवग्याची पानं जशी एकेक करून उतरतात तसं झालं. एक दिवस लक्षात आलं, की जेवणात चमच्यांचा आवाज ऐकू येतोय. ती ताटासमोर बसायची, चावायची, आमच्याकडे बघायची. काही विचारलं तर उत्तर द्यायची, पण मधे इतका वेळ जायचा की विचारणारा दुसरंच काही बोलायला लागायचा. वजन वाढलं. वेणी बारीक झाली. शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं, मुलगी शांत आहे, त्रास काहीच नाही, पण मागं पडतेय.

डॉक्टरांनी मात्रा थोडी बदलून पाहिली. फार फरक पडला नाही. "फिट नाहीत ना?" त्या विचारायच्या. नव्हत्या.

आम्हा दोघांत जो काय वाद झाला तो याच काळात. मोठ्या आवाजात कधीच नाही. ती म्हणायची, "आपण फिट बंद केली का मुलगी बंद केली?" मी म्हणायचो, मुलगी सायकल चालवते, एकटी बाथरूममध्ये जाते, गॅलरीत उभी राहते, आणि मला धडकी भरत नाही, हे काही कमी नाही. ती म्हणायची, "तुम्हाला धडकी भरू नये म्हणून तिनं गप्प बसायचं?"

दोन वर्षं पुरी झाली. पुन्हा ईईजी झाला. डॉक्टरांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "पूर्वीपेक्षा बरा आहे. अगदी स्वच्छ नाही. दोन वर्षं फिट नाही म्हणजे आता औषध हळूहळू कमी करून बघता येतं. चालू ठेवायचं म्हणालात तरी चूक नाही."

"बंद केलं तर परत येईल का?" मी विचारलं.

"काही मुलांना येते, काहींना कधीच येत नाही. तुमची मुलगी कुठल्या बाजूची, हे बंद केल्याशिवाय कळत नाही."

बायको म्हणाली, "मॅडम, तुमची मुलगी असती तर तुम्ही काय केलं असतं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे मला सगळे विचारतात," त्या म्हणाल्या. "माझी असती तर मी या खुर्चीत नसते. तुमच्या शेजारी बसले असते."

त्यांनी महिनाभर विचार करायला सांगितलं.

त्या महिन्यात मी अनेकांना विचारलं. आमच्या फॅमिली डॉक्टरांना, ज्याच्या पुतण्याला हाच आजार होता अशा एका द्राक्षवाल्याला, आईला. फॅमिली डॉक्टर म्हणाले, स्पेशालिस्ट सांगतील तसं. द्राक्षवाला म्हणाला, पुतण्याची गोळी कॉलेजात असताना सुटली, आता ट्रॅक्टर चालवतो, काही नाही. आई म्हणाली, "चालत्या गाडीला खीळ घालू नये." दुसऱ्या दिवशी तीच नातीकडं बघत म्हणाली, "लय गप झालं रं लेकरू."

एका रविवारी आम्ही गंगापूर धरणाच्या बाजूला गेलो होतो. मुलगी काठावर दगड गोळा करत होती. बायको म्हणाली, "तिला विचारू." मी म्हणालो, सात वर्षांच्या मुलीला काय विचारायचं. पण तिनं विचारलंच. तिला जवळ बसवून म्हणाली, "तुला गोळी घेतल्यावर कसं वाटतं?"

मुलगी दगड हातात फिरवत बसली. आम्ही वाट पाहिली. आता आम्हाला वाट पाहायची सवय झाली होती.

"शब्द येतात," ती म्हणाली. "पण उशिरा येतात. तोपर्यंत सगळे पुढं गेलेले असतात."

ती पुन्हा दगड गोळा करायला गेली. बायको पाण्याकडे बघत राहिली. मीच म्हणालो, "कमी करू." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, नक्की. तेव्हा तीच रडायला लागली आणि म्हणाली, "नको, थांबू अजून." अंधार पडायच्या आत आमच्या दोघांच्या बाजू दोनदा बदलून झाल्या होत्या. घरी येताना मात्र ठरलं होतं.

थंडीत सुरुवात केली. डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे, अगदी थोडं थोडं. गोळी अर्धी करायचं छोटं कटर बायकोनं आणलं. कधीही लागलं तर नाकात मारायचा एक स्प्रे डॉक्टरांनी लिहून दिला होता. तो बायकोच्या पर्समध्ये असायचा, दुसरा माझ्या गाडीत, तिसरा शाळेत. परीक्षा होऊन शाळेला सुट्टी लागली तेव्हा गोळी पूर्ण बंद झाली होती.

आणि मुलगी परत आली.

ती सुट्टी मला जशीच्या तशी आठवते. आम्ही तिला मखमलाबादला मामाकडे ठेवलं होतं. मी दिंडोरीहून येताना रोज तिकडून यायचो. एकदा लांबूनच तिचा आवाज ऐकू आला. ती मामाला सांगत होती, "असं नाही तोडायचं, फुलाला दुखतं," आणि मामा म्हणत होता, "मग तूच तोड बाई, मी बसतो." मी गाडी बंद केली आणि आत न जाता तसाच बसून ऐकत राहिलो. ती बोलतच होती. गुलाबाला काटे कुणी लावले, कुत्र्याला उन्हाळा कळतो का, आजी नाय म्हणते तर आजीच्या शाळेत तसंच शिकवायचे का. मामी मला बघून बाहेर आली आणि हसून म्हणाली, "दाजी, घेऊन जा हिला, डोकं उठवलंय."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. बाईंनी पुन्हा बोलावलं, पण या वेळी तक्रार वेगळी होती. शेजारच्या मुलीशी फार बोलते. बायकोनं घरी येऊन ते मला तीनदा सांगितलं. मुलीचे केस दाट व्हायला लागले. पाढे यायला लागले. ती माझ्यावर पुन्हा चिडू लागली, आणि मला त्याचं इतकं बरं वाटायचं की मी मुद्दाम काहीतरी चुकवायचो.

बायको म्हणाली होती, "बघा, आपण उगाच घाबरलो." मी मान हलवली. मला ते उघडपणे म्हणायची भीती वाटत होती, पण मलाही तसंच वाटत होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मामाचा झेंडू बाजारात जातो. पंचवटीत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. फुलांचे ढीग, गोण्या, टेंपो, गिऱ्हाइकं. मुलीनं हट्ट धरला की मलाही यायचंय, आणि बायको तिला घेऊन गेली. मी दुकान लवकर बंद करून तिथं पोचलो तेव्हा ती गोणीवर बसून फुलं तोलून देत होती. एका बाईला ती सांगत होती, "ही कालची नाहीत, सकाळची आहेत, हात लावून बघा." मी मामाशी दोन शब्द बोललो. वळलो तेव्हा ती बोलायची थांबली होती. फुलं भरलेला हात तसाच पुढे होता आणि मान उजवीकडे वळत होती.

बायको माझ्या आधी पोचली. तिनं मुलीला झेंडूच्या ढिगावरच कुशीवर वळवलं आणि स्प्रे काढला. एका नाकपुडीत, मग दुसरीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एवढ्यानं थांबते. आम्ही थांबायची वाट पाहिली. भोवती माणसं जमली. कुणी चपला पुढं केल्या, कुणी किल्ली हातात द्या म्हणालं. एका म्हाताऱ्यानं सगळ्यांना मागं ढकलून वारा येऊ दिला. ती थांबली नाही.

मामानं टेंपोतल्या गोण्या खाली फेकल्या आणि आम्ही तिला घेऊन निघालो. द्वारका चौकात गाड्या जिथल्या तिथं उभ्या होत्या. सणाचा दिवस, चारी बाजूंनी वाहनं. मामा खाली उतरून पुढच्या गाड्यांच्या बोनेटवर हात मारत होता, हात जोडत होता. माणसं बाजूला होत होती, पण बाजूला व्हायलाही जागा नव्हती. बायको मुलीच्या कानाशी सतत बोलत होती. मी तिचे पाय धरले होते. ते माझ्या हातात झटकत होते, आणि ते थांबावेत एवढंच मी मागत होतो. नंतर ते मंद झाले तेव्हा मला त्याचीही भीती वाटली.

दवाखान्यात फिट थांबवायला त्यांना तिला पूर्ण झोपवावं लागलं. नळ्या लागल्या. दसरा गेला. कोजागरीच्या आसपास ती आयसीयूतून बाहेर आली. तिनं आम्हाला ओळखलं. उजवा हात हळू चालत होता. तो पुढं सुधारला. बोलणं सुधारलं नाही.

डॉक्टरांनी आम्हाला बसवून सगळं सांगितलं. इतकी लांब फिट मेंदूला इजा करू शकते. गोळी चालू असती तर आली नसती का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कदाचित नसती. कदाचित आली असती. गोळी चालू असतानाही येतात." मग म्हणाल्या, "तुम्ही जे केलं ते मी सांगूनच केलं. आजही त्याच परिस्थितीत असं मूल आलं तर मी आई-वडिलांना हेच दोन रस्ते सांगेन."

मला वाटतं, त्यांनी हे आमचा भार हलका करायला सांगितलं. तो हलका झाला नाही. चूक कुणाची तरी असती तर निदान त्याच्यावर रागावता आलं असतं.

पहिलं औषध पुन्हा सुरू केलं. या वेळी ते आधीसारखं लागू पडलं नाही. फिट कमी व्हायच्या, थांबायच्या नाहीत. दुसरं जोडलं. त्यानं फिट बऱ्याच थांबल्या, पण मुलगी दिवसभर चिडलेली, ताटं फेकायची, माझ्या आईला चावायची, आणि नंतर स्वतःच घाबरून कोपऱ्यात बसायची. ते काढलं. तिसरं दिलं, अंगावर पुरळ उठलं, ताबडतोब बंद. मुंबईला मोठ्या दवाखान्यात दाखवून आलो. ऑपरेशन करण्यासारखं एका जागी काही नव्हतं. शेवटी पहिलं जास्त मात्रेत आणि सोबत आणखी एक, यावर येऊन थांबलो. आता महिन्यातून एखादी येते, छोटी. बाकीचा वेळ ती अर्धी झोपेत असते.

शाळा सुटली. बायकोची नोकरी त्याआधीच सुटली होती. मुलीला आता शब्द थोडे येतात: पाणी, नको, आजी, चल. ती आईला 'मम्मी' म्हणते. मला काही म्हणत नाही, पण मी अंघोळ करून आलो की माझ्या हाताचा वास घेते.

माझी आई तिला अजून 'नाय' म्हणून दाखवते. ती दुरुस्त करेल म्हणून वाट बघते. मी आईला एकदा म्हणालो, नको करूस असं. "तुला काय त्रास हाय?" ती म्हणाली. "माझं मी बोलती."

यंदा मुलगी अकराव्यात गेली. मागच्या भेटीत डॉक्टरांनी एक नवीन विषय काढला. पहिलं जे औषध आहे, जे थोडंफार काम करतं, ते मुली मोठ्या होऊ लागल्या की शक्यतो बदलतात. पुढे गरोदरपणात ते बाळाला घातक असतं. पाळीवर, हार्मोनवर परिणाम होऊ शकतो. बदलायचं तर आता विचार करायला हवा. बदलताना फिट वाढू शकतात.

बायको ऐकत होती. मग ती हसली. मोठ्यानं नाही, पण डॉक्टर बोलायच्या थांबल्या.

"गरोदरपणात," बायको म्हणाली. "मॅडम, ती अंगातला फ्रॉक स्वतः काढू शकत नाही."

"मला सांगणं भाग आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"हो. सांगा. तुम्ही सांगता तेवढं बरं आहे." ती माझ्याकडे वळली. "बोला. काय करायचं?"

मी मुलीकडे पाहिलं. ती खुर्चीत बसून स्वतःच्या चपलेचा पट्टा लावत होती आणि काढत होती. मी विचार करायचा प्रयत्न केला. एका बाजूला औषध बदलताना वाढणाऱ्या फिट, दुसऱ्या बाजूला त्याच औषधानं पुढं होणारी इजा. पूर्वी मी यावर महिनाभर झोप घालवली असती. आता दोन्ही बाजूंना मला काहीच दिसेना. मी म्हणालो, "आहे तेच चालू ठेवू." डॉक्टरांनी विचारलं, "घरी जाऊन बोलायचंय का?" बायको म्हणाली, "नाही."

त्याच दिवशी बाहेर बाकावर एक तरुण जोडपं बसलं होतं. सिन्नरकडचे असावेत. त्यांचा मुलगा पाचेक वर्षांचा, भिंतीवरच्या माशांच्या चित्रात मासे मोजत होता आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा सांगत होता. नवऱ्यानं आमच्या मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फाईल सारखीच होती, त्यावरून त्याला आजार कळला असणार.

"दादा," तो म्हणाला, "आमच्याला दोन वर्षं एकपण फिट नाय. मॅडम म्हणत्यात, गोळी कमी करून बघू का. तुमचा काय अनुभव?"

त्याच्या बायकोनं पुढं होऊन विचारलं, "तुम्ही केली होती का कमी?"

मला 'हो' म्हणता आलं नाही आणि 'नाही' म्हणणं खोटं झालं असतं. नको करू, असं तोंडापर्यंत आलं. पण त्यांचा मुलगा मासे मोजत होता आणि त्याचा बाप मधूनमधून हलकेच त्याला हाक मारत होता, आणि तो प्रत्येक वेळी जरा उशिरानं मागं वळत होता. ते मला दिसलं. माझ्या बायकोलाही दिसलं.

"मॅडमना विचारा," बायको म्हणाली. "त्या सगळं सांगतील."

"त्या म्हणत्यात, तुम्ही ठरवा," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "तसंच असतं ते."

ते आमच्याकडे बघत राहिले, अजून काहीतरी मिळेल म्हणून. मग शिपायानं त्यांच्या मुलाचं नाव पुकारलं आणि ते उठले. आईनं मुलाचा हात धरला, बापानं फाईल घेतली. दार लागेपर्यंत मी बघत होतो.

आम्ही खाली आलो. मुलीला मागच्या सीटवर बसवून बायकोनं तिचा पट्टा लावला आणि स्वतः तिच्याजवळ बसली. मग बायको म्हणाली, "तुम्ही काय सांगणार होता त्यांना?"

"कमी करू नका म्हणणार होतो," मी म्हणालो. "तू?"

"मी करा म्हणणार होते," ती म्हणाली.

मी आरशात तिच्याकडे पाहिलं. तिनं मान फिरवली होती आणि ती मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारत होती. मुलगी झोपली होती. मी गाडी चालू केली.